गळाची गाठ आणि नायलॉनचा दोरा

दारव्हा तालुक्यात पाऊस ओसरला, सोयाबीनची सोंगणी आटोपली आणि कपाशीची पहिली वेचणी अद्याप सुरू व्हावयाची असली, म्हणजे शेतकऱ्याला दोनचार सायंकाळी मोकळ्या मिळतात. अशा वेळी अडाण नदीच्या डोहांवर, पाझर तलावांच्या बांधांवर आणि अलीकडे शेततळ्यांच्या काठांवरही गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. बांबूची एक काठी, चार-पाच हात दोरा, तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा एक तुकडा, थोडे शिसे आणि टोकाला गळ, ज्याला पुष्कळ ठिकाणी गरी असेही म्हणतात. एवढ्या सामग्रीवर घरच्या कालवणाची सोय होते.

धांड्याचा तुकडा पाण्याखाली जातो. काठी वाकते. पाण्यात जड काहीतरी फिरत असल्याचे हाताला कळते. आणि मग एकाएकी काठी सरळ होते, दोरा हलका होऊन हातात येतो. मासा गेला, त्याच्याबरोबर गळही गेला. काठावरची मंडळी हळहळतात. कोणी म्हणतो, नशिबात नव्हता. कोणी बाजारातील दुकानदाराला दोष देतो, दोरा कच्चा दिला म्हणून. दोरा गुंडाळून पिशवीत जातो, आणि पुढच्या खेपेस त्याच दोऱ्याला, त्याच पद्धतीने, दुसरा गळ बांधला जातो.

अशा वेळी दोऱ्याचे मोकळे झालेले टोक क्वचितच कोणी निरखून पाहतो. ते पाहिले तर दोष कोणाचा, हे बहुधा तेथेच लिहिलेले आढळते. टोक काकडीच्या वेलीच्या तणाव्याप्रमाणे गोल गोल वळलेले असेल, तर दोरा तुटलेलाच नाही; गाठ सरकून सुटली आहे. टोक खरबरीत व पांढुरके झालेले असेल, तर दोरा दगडाला किंवा बांधाच्या पिचिंगला घासून झिजलेला होता. टोक चाकूने कापल्यासारखे स्वच्छ असेल, तर दोऱ्यावर आधीच कोठेतरी चीर पडली होती किंवा माशाच्या दातांनी तो छेदला गेला. या तिन्हींपैकी पहिला प्रकार फार वेळा घडतो, आणि तोच असा आहे की ज्याला बाजार, नशीब अथवा मासा यांपैकी कोणीही जबाबदार नसतो.

एक मासा आणि एक गळ यांची किंमत ती किती, असा प्रश्न सहज मनात येईल. नदीच्या डोहापुरते बोलावयाचे तर हानी लहान आहे, हे मान्य करावे लागेल. तोंडात गळ घेऊन गेलेला जीव नाहक तडफडतो, एवढे मात्र विसरू नये. परंतु आता गळ नदीपुरता राहिलेला नाही. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. तिच्यातील सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे होते. अशा तळ्यांत रोहू, कतला, मृगळ या माशांचे बीज सोडणारे शेतकरी आज गावोगावी आहेत. तळ्यातील सर्व मासा विकावयाचा असेल तेव्हा जाळेवाल्यांना बोलवावे लागते. परंतु घरच्या चुलीसाठी आठवड्याला एखादा मासा काढावयाचा तर गळाइतके सोयीचे साधन दुसरे नाही. आणि नेमके येथेच सुटलेल्या गाठीचे मोल वाढते. ज्या तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर आहे, त्याचा कागद सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. सुटलेला गळ तळाशी पडला आणि पुढे जाळे ओढताना किंवा गाळ काढताना त्याच्यावर भार आला, तर त्याचे अणकुचीदार टोक त्या कागदात शिरावयास कितीसा वेळ लागणार? एवढ्याशा छिद्रातून रब्बीच्या हरभऱ्याचे पाणी झिरपून जाऊ शकते, आणि ते छिद्र पाण्याखाली असल्यामुळे सापडतही नाही. विना-अस्तराच्या तळ्यात हाच गळ चिखलात रुतून बसतो आणि उन्हाळ्यात तळे आटल्यावर म्हशीच्या खुरात किंवा अनवाणी पोराच्या पायात जातो. म्हणून गळाची गाठ हा निव्वळ हौशी माणसाचा विषय आहे, असे मानणे आता परवडण्यासारखे नाही.

गाठीचे शास्त्र शेतकऱ्याला नवे आहे असे मुळीच नव्हे. उलट, गाठीची जाण जितकी शेतकऱ्याला असते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. बैल दावणीला बांधताना तो सुरगाठ मारतो. कारण जनावर दाव्यात गुरफटले तर एका हिसक्यात ती सुटली पाहिजे. कडब्याचा भारा बांधताना त्याची गाठ वेगळी, गाडीवर कापसाची बोंदरी आवळताना वेगळी, आणि जी कधीच सोडावयाची नाही ती निरगाठ वेगळी. पूर्वी बांधावर अंबाडी लावून, तिचा वाख काढून, घरीच चऱ्हाटे वळली जात. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवी वेसण व नवा कासरा चढे. गाठ कामाप्रमाणे बदलावयाची असते, हा धडा त्या अंबाडीच्या दोराने पिढ्यान्‌पिढ्या दिलेला आहे.

परंतु गाठ दोराप्रमाणेही बदलावयाची असते, हा दुसरा धडा द्यावयास अंबाडी असमर्थ होती. कारण तेव्हा दोर बदललाच नव्हता. तो बदलला नायलॉन आल्यावर. गोठ्यात अंबाडीच्या जागी नायलॉनची दावी आली, आणि रात्री घट्ट बांधलेला गोऱ्हा सकाळी दुसऱ्याच्या तुरीत सापडू लागला. ज्या गाठीने आजोबांचा बैल कधी सुटला नाही तीच गाठ नातवाच्या हातून सुटते, याचे कारण नातवाचा आळस हे नव्हे. दोर गुळगुळीत झाला आणि गाठ जुनीच राहिली, हे ते कारण होय. गोठ्यात जे घडते तेच पाण्यात घडते. फरक इतकाच की गोऱ्हा सापडतो आणि मासा सापडत नाही.

गळाचा इतिहास फार प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याचे गळ मिळाले आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी वाचकांना परिचित आहे तो त्यातील मराठी भाषेच्या जुन्या खुणांमुळे. परंतु त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे आणि त्यात माशांचे प्रकार, त्यांना द्यावयाचे खाद्य, तसेच काठी व दोरी यांचा विचार केलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीने परामर्श घेतला होता. राजाने ज्या विषयाला प्रकरण दिले त्याला शेतीच्या प्रशिक्षणवर्गात एक तासही मिळू नये, ही थोडी विचित्रच गोष्ट आहे.

त्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोरा होता तो झाडाचा, कापसाचा, रेशमाचा किंवा घोड्याच्या केसांचा. नायलॉन अमेरिकेत १९३५ साली प्रथम तयार झाले, १९३८ साली त्याची जाहीर घोषणा झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर मासेमारीत पसरले. आपल्याकडे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यांच्या कृत्रिम धाग्यांवर जे काम केले, त्याचा या प्रसारात मोठा वाटा आहे. धागा कुजत नाही, हलका असतो, पाण्यात दिसत नाही. त्याचे गुण वादातीत आहेत. कोणीही सुती दोऱ्याकडे परत जावे, असे म्हणण्यात अर्थ नाही.

तथापि कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांनी एक भेद विशेष ध्यानात घ्यावा. सुती धागा ओला झाला म्हणजे तो फुगतो आणि कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो. त्याचे तंतू खरबरीत असल्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात. साहजिकच सुती दोऱ्याला मारलेली कशीबशी गाठसुद्धा पाण्यात गेल्यावर आपोआप आवळली जाते. नायलॉनचे उलट आहे. पाणी पिऊन त्याचे बळ थोडे घटते. एकेरी तंतूचा दोरा काचेसारखा गुळगुळीत असल्याने एका वळशाला दुसऱ्या वळशाचा आधार मिळत नाही. शिवाय त्याच्या अंगी ताठरपणा असतो. वाकवलेले टोक पुन्हा सरळ व्हावयास पाहते. जी गाठ कापसाला पाण्याने घट्ट करून दिली, तीच गाठ नायलॉनच्या बाबतीत पाणी सोडवून देते. आणखी एक वैगुण्य असे की, कोरडी गाठ झटक्याने ओढली तर घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, आणि नायलॉन हे उष्णतेला नरम पडणारे द्रव्य असल्यामुळे गाठीच्या आतील भाग तेथल्या तेथे कमजोर होतो. बाहेरून गाठ सुबक दिसते, आतून ती अर्धी मेलेली असते.

नुसती साधी गाठ मारली तर दोऱ्याचे बळ सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे पाच किलोचा म्हणून विकत घेतलेला दोरा प्रत्यक्षात अडीच किलोचा होऊन बसतो, तोही गाठ सरकली नाही तर! दुकानात अधिक जाड, अधिक महाग दोरा मागणारे गिऱ्हाईक पुष्कळदा आपल्याच गाठीची भरपाई पैशाने करीत असते. आणि जाड दोरा पाण्यात दिसतो, तो अधिक ताठर असतो, त्याची गाठ अधिक सुटते. असे हे चक्र आहे.

मग कोणती गाठ मारावी? गाठींची पुस्तके उघडली तर माणूस गोंधळून जातो. क्लिफर्ड ॲशली या लेखकाचा १९४४ साली प्रसिद्ध झालेला गाठींचा कोश प्रसिद्ध आहे आणि त्यात हजारो गाठी क्रमांकाने नोंदलेल्या आहेत. शेतकऱ्याला यातील एकच गाठ नीट आली तरी पुरे, दुसरी आली तर उत्तम. आणि तिसरी ज्याच्याजवळ बिननेढ्याचे गळ असतील त्यानेच शिकावी. एकाच दिवशी पाच गाठी दाखवणारा शिक्षक एकही शिकवीत नाही.

पहिली म्हणून जिची शिफारस करावी ती दुपदरी गाठ होय. इंग्रजीत तिला पालोमार म्हणतात. ती तिन्हींत सोपी आहे, अंधुक उजेडात बांधता येते, वृद्धांच्या व मुलांच्या हातांना जमते, आणि दोऱ्याचे बहुतांश बळ कायम ठेवते. दोऱ्याचे शेवटचे वीतभर टोक मागे वळवून दोरा दुपदरी करावा. त्या दुपदरी टोकाचा फास गळाच्या नेढ्यातून ओवून तीन-चार बोटे बाहेर काढावा. मग गळ मध्ये लोंबकळत ठेवून फासाची व मागच्या दोन्ही पदरांची मिळून एक साधी सैल गाठ घालावी; ती येथे आवळू नये. आता फास मोठा करून संपूर्ण गळ त्याच्यातून पलीकडे काढावा. शेवटी गाठ तोंडात धरून किंवा पाण्यात बुडवून भिजवावी आणि मूळ दोरा व मोकळे टोक एकत्र धरून, गळ दुसऱ्या हाती ठेवून, सावकाश, न थांबता ओढावे. फास नेढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसला पाहिजे. पदर एकमेकांवर तिरपे चढलेले दिसले तर गाठ कापून टाकून पुन्हा बांधावी. उरलेले टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे. अगदी गाठीलगत कापू नये, कारण पहिल्या जोराच्या ओढीत प्रत्येक गाठ केसभर तरी बसते आणि तेवढ्यासाठी शिल्लक लागते.

गळ बारीक असून त्याच्या नेढ्यातून दुपदरी दोरा जात नसेल तर वळशांची गाठ उपयोगी पडते. यात दोरा एकपदरीच ओवावयाचा असतो. ओवलेले टोक मागे घेऊन मूळ दोऱ्याभोवती पाच ते सहा वळसे द्यावेत. दोरा फार जाड असेल तर चार पुरतात. नंतर नेढ्याच्या अगदी वर, पहिल्या वळशाच्या खाली, जी लहानशी फट राहते तिच्यातून टोक काढावे. असे केल्याने एक मोठा फास तयार होतो. टोक पुन्हा त्या फासातून न्यावे. हे शेवटचे ओवणे पुष्कळजण गाळतात, आणि सुटणाऱ्या गाठींत गाळलेल्यांचीच संख्या मोठी असते. भिजवून ओढले म्हणजे वळसे स्प्रिंगप्रमाणे एकापुढे एक नीट बसतात. ते एकमेकांवर चढले तर गाठ फसली असे समजावे.

काही गळांना नेढे नसते; दांडीचे टोक ठोकून चपटे केलेले असते. जुन्या कोळ्यांच्या पेटीत असे गळ हमखास असत, आणि ते अजूनही मिळतात. त्यांना दांडीची गाठ लागते. दोऱ्याचा एक लांबट फास करून तो दांडीला समांतर धरावा, फासाचे तोंड गळाच्या वाकाकडे असावे. मोकळ्या टोकाने चपट्या भागाजवळून सुरुवात करून वाकाच्या दिशेने दांडी व फासाचे दोन्ही पदर यांभोवती सात-आठ वळसे घट्ट, लगोलग द्यावेत. टोक फासातून काढावे. मग वळसे बोटांनी दाबून धरून मूळ दोरा ओढावा, म्हणजे फास आक्रसून टोकाला आत पकडतो. मूळ दोरा गळाच्या टोकाच्या बाजूने बाहेर पडतो आहे ना, एवढे पाहावे. मागच्या बाजूने पडत असेल तर ओढीबरोबर गळ उलटा फिरतो व माशाच्या तोंडात रुतत नाही. ही गाठ वाचून येणे कठीण आहे. ती पाहूनच शिकावी.

आणि ती पाहावयाची कोणाकडे? येथे विस्तारकार्याच्या एका जुन्या सवयीविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. गावात ज्ञान बाहेरून येते आणि ते कार्यालयातून येते, असा आपला समज असतो. प्रशिक्षणात मत्स्यबीज, खाद्य, जाळी, होडी, अनुदानाचे अर्ज यांवर व्याख्याने होतात. गाठ कोणीच दाखवीत नाही. कारण ती क्षुल्लक वाटते, आणि दुसरे खरे कारण असे की व्याख्यात्यालाही ती बहुधा येत नसते. याउलट भोई, ढिवर समाजांतील एखादा वृद्ध मच्छीमार, ज्याने सुतीपासून नायलॉनपर्यंतचा सारा बदल स्वतःच्या बोटांनी अनुभवला, तो कोणत्याही वर्गात बोलावला जात नाही. दिग्रसजवळच्या अरुणावती धरणावर किंवा पुसदकडे पूस धरणावर ज्यांची हयात गेली, त्यांना या विषयात शिकवावयाचे काही नाही. त्यांच्याकडून शिकावयाचे मात्र पुष्कळ आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा दर्जा कागदावरून काठावर यावयाचा असेल तर अशा जाणत्या माणसाला मानधन देऊन, मानाने खुर्चीवर बसवून, गावच्या शेतकऱ्यांपुढे गाठ बांधावयास सांगणे ही एक बिनखर्चाची सुरुवात ठरेल. कृषी पदवीधराने त्या वेळी श्रोत्यांत बसावे. त्याने त्याची पदवी कमी होत नाही.

गळाविषयी आपल्या मनात एक अढीही आहे, ती मोकळेपणाने मान्य करावी. भाषेतसुद्धा गळाला लागणे म्हणजे फसणे. काठावर बसलेला माणूस रिकामटेकडा, असा शेतकरी कुटुंबांतही समज आहे. तिन्हीसांजेला घरी आणलेला किलोभराचा रोहू पाहिला की तो समज निवळतो हे खरे. परंतु कार्यकर्त्यांच्या मनातून तो निघालेला नाही, म्हणूनच हा विषय कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही.

आता कोणी म्हणेल की, बाजारात गळ बांधलेलेच मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ते मिळतात खरे. परंतु त्या बांधलेल्या तुकड्याचे दुसरे टोक आपल्या दोऱ्याला जोडावे लागतेच, आणि तेथे पुन्हा गाठ आली. शिवाय असे गळ दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले असतात. ऊन हा नायलॉनचा मोठा शत्रू आहे. बाभळीच्या फांदीला महिनोन्‌महिने अडकवून ठेवलेला दोरा दिसावयास धड असतो, ओढला की तुटतो. दोरा घरात, अंधारात, कोरडा करून ठेवावा. आणि गळाजवळचा हातभर भाग दर दोनचार खेपांनी कापून टाकून नवी गाठ बांधावी. हातभर दोऱ्याला कितीसे पैसे पडतात?

ज्या कार्यकर्त्याला हा विषय गावात न्यावयाचा असेल त्याच्यासाठी दारव्हा तालुक्यात एक साधन घरोघर तयार आहे. वेचणीच्या दिवसांत मजुरांचा कापूस मोजावयास जो लटकता काटा वापरतात, तोच गाठीचा परीक्षक होऊ शकतो. काटा निंबाच्या फांदीला पक्का बांधावा. काट्याच्या आकड्याला दोऱ्याचे एक टोक भक्कम वळशांनी अडकवावे, दुसऱ्या टोकाला गळ, आणि गळ जमिनीतील खुंटीत किंवा लाकडाच्या ओंडक्यात रुतवावा. मग दोरा हाताला फडके गुंडाळून मधोमध हळूहळू ओढण्याऐवजी, ओंडकाच खाली दाबत जावा व काट्यावरचा आकडा एकाने मोठ्याने वाचावा. प्रथम एखाद्या शेतकऱ्याच्या नेहमीच्या गाठीने, नंतर भिजवून आवळलेल्या दुपदरी गाठीने, दोरा तोच ठेवून. किती किलोंवर पहिली सुटली आणि किती किलोंवर दुसरी तुटली, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे व्याख्यानाची आवश्यकता उरत नाही. दोरा तुटताना गळ उसळून येतो. म्हणून पाहणाऱ्यांनी दोन पावले दूर राहावे, मुलांनी तर अधिकच, आणि गळाचे टोक कापडाने किंवा बुचाने झाकलेले असावे. तुटलेले प्रत्येक टोक हातोहात फिरवावे. तणाव्यासारखे वळलेले टोक एकदा पाहिलेला माणूस ते पुन्हा विसरत नाही.

या प्रात्यक्षिकाची वेळही विचारपूर्वक ठरवावी. पावसाळ्याच्या आरंभी अंडी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट चढत येतात; त्या दिवसांत नदीवर गळाचे प्रात्यक्षिक ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक कोवळ्यातच उपटणे होय. दिवाळीच्या सुमाराचे दिवस चांगले. ज्या तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे तेथे संस्थेला विचारल्यावाचून गळ टाकू नये, हे गावकऱ्यांना आधीच सांगावे. पुष्कळ तंटे एवढ्यावरून उभे राहतात. शेततळ्यात मात्र मालकाची संमती पुरे. तेथे कतला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, तेव्हा धांड्याचा तुकडा गळापासून किती अंतरावर बांधावयाचा हे त्यावरून ठरते. आमिषाला कणीक किंवा सरकीची भिजवलेली ढेप पुरते. मरळ हवी असेल तर लहान मासा किंवा बेडूक लागतो, आणि ती मिळते नदीच्या वा जुन्या तलावाच्या गवताळ काठाशी.

कापलेले दोऱ्याचे तुकडे काठावर टाकून येऊ नयेत. ते वर्षानुवर्षे कुजत नाहीत. गवताबरोबर गाईच्या पोटात जातात, बगळ्याच्या पायात गुंततात. एक रिकामी डबी बरोबर न्यावी, तिच्यात सर्व तुकडे जमा करावेत आणि घरी आल्यावर बारीक कापून प्लॅस्टिकच्या कचऱ्यात द्यावेत. गळ बोटात रुतला तर उलट्या काट्यामुळे तो आला त्या वाटेने ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. दोरा कापून तसेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी. प्रात्यक्षिकाच्या पिशवीत काटा, दोन जाडीचे दोरे, नेढ्याचे व बिननेढ्याचे दहा-बारा गळ, कात्री, जुने फडके आणि पाण्याचा तांब्या असला म्हणजे झाले. तांब्या विसरू नये; गाठ भिजवावयास तोच लागतो.